खुलासा: दहावीचं बोर्ड रद्द झालेलं नाही

‘नव्या शैक्षणिक धोरणानुसार दहावीची बोर्ड परीक्षा बंद, आता फक्त बारावीलाच बोर्ड’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे.

29 जुलै 2020 ला मंजूर झालेल्या धोरणातला परिच्छेद 4.37 उघडून पाहा: दहावी आणि बारावी, दोन्ही बोर्ड परीक्षा चालू राहतील, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. घोळ झालाय तो 5+3+3+4 या रचनेमुळे, म्हणजे शाळेची वर्षं 5, 3, 3 आणि 4 अशा चार टप्प्यांत विभागल्यामुळे. नववी ते बारावी हा एकच टप्पा धरल्याने मधली परीक्षा गेली, असा अर्थ लोकांनी काढला. शिवाय धोरण म्हणजे कायदा नव्हे. आपल्या राज्यात ही परीक्षा 1965 च्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळे अधिनियमाखाली होते, आणि नुसत्या धोरणाने तो रद्द होत नाही.

या मेसेजवर विसंबून कुणाचा परीक्षेचा फॉर्म राहिला, तर मुलाचं वर्ष जाईल. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.