ल्यूथरने खरंच दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलल्या का?

चर्चच्या मंडळीत एखाद्या नव्या गीताची चाल कुणाला खटकली आणि त्याने तसं बोलून दाखवलं, की थोड्याच वेळात मोबाइलवर एक मजकूर येऊन पडतो. थोडक्यात तो असा: 'मार्टिन ल्यूथरने दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलून त्यांवर भक्तिगीतं रचली. चांगल्या चाली सगळ्या सैतानाकडेच का राहाव्यात, असं तो म्हणायचा. वेस्ली बंधूंनीही तेच केलं. अमेझिंग ग्रेसची चाल तर जॉन न्यूटनला गुलामांच्या जहाजाच्या तळातून ऐकू आली. चाल म्हणजे नुसतं भांडं. आत शब्द देवाचे असले म्हणजे झालं.'

मी उपासनेसाठी गाणी बसवतो. नव्या चालींना माझा विरोध नाही, नव्या चाली हव्यातच. पण हा मजकूर ज्या माणसांनी मंडळीला गायला शिकवलं त्यांच्याच तोंडी न बोललेलं बोलणं घालतो आणि त्यावर विसंबून उपासनेतले निर्णय घेतले जातात. ते मला सहन होत नाही. म्हणून एकेक दावा घेतो.

आधी ते सैतानाचं वाक्य. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर याच्या लेखनात ते सापडत नाही. हेच वाक्य कधी वेस्लीच्या, तर कधी साल्वेशन आर्मी या गोरगरिबांत काम करणाऱ्या ख्रिस्ती संघटनेचा संस्थापक विल्यम बूथ याच्या नावावरही फिरतं. एकच वाक्य वेगवेगळ्या शतकांतल्या तीन माणसांच्या तोंडी आढळलं की तिथेच थबकायला हवं. त्याचा माग काढत गेलं तर लंडनच्या सरे चॅपलमधले उपदेशक रोलंड हिल (1744–1833) यांच्यापर्यंत पोचता येतं, तेही त्यांच्या मृत्यूनंतर इतरांनी नोंदवलेल्या आठवणींतून. ल्यूथर 1546 मध्ये वारला, म्हणजे हिल यांच्या जन्माआधी जवळपास दोनशे वर्षं.

आता गुत्ता. हा गोंधळ बहुधा एका शब्दातून झाला आहे. जर्मन गीतरचनेत 'बार' नावाचा एक घाट आहे: एक सुरावट, तीच पुन्हा एकदा, आणि मग वेगळी. अ, अ, ब. आधी दरबारी कवींनी आणि पुढे 'माइस्टरझिंगर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारागीर-गायकांनी हा घाट वापरला. ल्यूथरचं सर्वांत प्रसिद्ध गीत, स्तोत्र 46 वर आधारलेलं 'आइन फेस्टे बुर्ग', याच घाटाचं आहे. ते गाऊन पाहा. वरच्या षड्जावर सुरुवात होते, तोच स्वर तीनदा ठामपणे येतो आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी चाल खालच्या षड्जावर उतरते. पुढच्या दोन ओळींना पुन्हा तीच सुरावट. मग नवा भाग येतो, आणि अगदी शेवटची ओळ पुन्हा त्याच उतरणीवरून घरी येते. निरक्षर माणसालाही दोन वेळा ऐकून पाठ व्हावी अशी ही बांधणी आहे. या 'बार'चा मद्यालयाशी काडीचाही संबंध नाही.

मग ल्यूथरच्या चाली आल्या कुठून? काही त्याने स्वतः बांधल्या. बऱ्याचशा चर्चमध्ये शतकानुशतकं गायल्या जाणाऱ्या लॅटिन गीतांवरून घडवल्या. 'नुन कोम, देर हायडेन हायलांड' हे चौथ्या शतकातल्या मिलानच्या बिशप अँब्रोज यांच्या गीताचं जर्मन रूप आहे, आणि त्याची चालही जुन्या लॅटिन चालीवरूनच घडवलेली आहे. 'क्रिस्ट लाग इन टोडेसबांडेन'च्या मागे पुनरुत्थानाच्या सणाची जुनी गाणी आहेत. 1524 मध्ये ल्यूथरच्या विटेनबर्ग गावी संगीतकार योहान वाल्टरने बांधलेला गीतसंग्रह निघाला, त्याला ल्यूथरची प्रस्तावना आहे. तरुण पोरांनी प्रेमाची आणि देहवासनेची गाणी सोडावीत आणि त्याऐवजी काही चांगलं शिकावं, म्हणून ही गीतं देतो आहे, असं तो तिथे सांगतो. ज्याला गुत्त्यातल्या गाण्यांपासून पोरांना सोडवायचं होतं, त्याच्याच माथी आपण गुत्ता मारला आहे.

एक अपवाद आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. 'फोम हिमेल होख' हे त्याने मुलांसाठी लिहिलेलं नाताळगीत. 1535 मध्ये ते छापलं गेलं तेव्हा त्याला एका लौकिक गाण्याची चाल होती. त्या गाण्यात गाणारा म्हणतो, मी परक्या मुलखातून आलो आहे, नवीन नवीन बातम्या आणल्या आहेत. पुढे कोडी घालण्याचा खेळ असे. ल्यूथरने ती सुरुवात उचलून देवदूताच्या तोंडी दिली: मी उंच स्वर्गातून आलो आहे, सुवार्ता आणली आहे. किती सुंदर कल्पना! पण 1539 च्या गीतपुस्तकात त्याच गीताला नवी चाल आली, सहसा ल्यूथरचीच मानली जाणारी, आणि आज जगभर तीच गायली जाते. म्हणजे या मजकुराला पुरावा म्हणून दाखवता येईल अशी एक चाल होती, तीही चार वर्षांत बदलली गेली.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेथॉडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स या वेस्ली बंधूंबद्दल थोडक्यात. संगीताला सैतानाच्या चाकरीत फार काळ जुंपलं गेलं आहे, अशी तक्रार चार्ल्स वेस्लीने एका कवितेत केली आहे, हे खरं. 1747 चं 'लव्ह डिव्हाइन' हे गीत इंग्लिश संगीतकार पर्सेलच्या एका नाट्यगीताच्या धर्तीवर आहे, हेही खरं. 1742 च्या त्यांच्या पहिल्या चालसंग्रहात हँडेलच्या ऑपेरातलं एक कूचगीत घेतलेलं आहे. पण रंगभूमी म्हणजे गुत्ता नव्हे, आणि त्या संग्रहाचा मोठा भाग स्तोत्रांच्या आणि जर्मन गीतांच्या चालींचा आहे. जॉन वेस्लीने 1761 मध्ये गाण्याविषयी सूचना लिहिल्या. सगळ्यांनी गा, जोरात गा, पण आपलाच आवाज वर काढू नका, ताल धरा, आणि प्रत्येक शब्द गाताना नजर देवाकडे ठेवा, असा त्यांचा सूर आहे. 'कुठलीही चाल चालेल' असं म्हणणारा माणूस इतक्या बारकाव्याने लिहीत नाही.

मद्यालयातली गाणी उघडपणे घेतली ती साल्वेशन आर्मीने. 'शँपेन चार्ली' या लोकप्रिय गाण्याच्या चालीवर त्यांनी 1880 च्या दशकात सुवार्तेचे शब्द गायले. रस्त्यावरच्या माणसाला ओळखीच्या सुरात हाक मारण्यासाठी त्यांनी ते केलं, आणि त्यामागच्या कळवळ्याबद्दल मला आदरच आहे. पण ती गोष्ट बूथच्या काळाची. ती साडेतीनशे वर्षं मागे नेऊन विटेनबर्गला चिकटवू नये.

न्यूटनची गोष्ट ऐकायला हृदयद्रावक आहे, पण तारखा तिच्या आड येतात. न्यूटन खरोखरच गुलामांच्या जहाजांचा कप्तान होता. त्याने ते काम 1754 मध्ये सोडलं. 'अमेझिंग ग्रेस'चे शब्द त्याने ओल्नी गावात पाळक असताना, 1773 च्या नववर्षदिनाच्या उपदेशासाठी लिहिले. 1779 मध्ये ते छापले गेले, फक्त शब्द, चाल नाही. आज आपण गातो ती चाल अमेरिकेत 1829 मध्ये दुसऱ्याच शब्दांसह छापली गेली, आणि 1835 मध्ये विल्यम वॉकरने आपल्या संग्रहात तिची गाठ न्यूटनच्या शब्दांशी बांधली. न्यूटन 1807 मध्ये वारला होता. ही जोडी जमली तेव्हा त्याला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्या जहाजांतल्या माणसांचं दुःख खरं होतं. त्याला गोड करून सांगण्यासाठी चालीची दंतकथा कशाला हवी?

राहिला शेवटचा दावा, चाल म्हणजे नुसतं भांडं. बाकीचे दावे याच्यासाठीच रचले जातात, म्हणून इथे जरा थांबतो.

चौथ्या शतकात आरियस नावाचा पाळक शिकवत होता की पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा निर्माण केलेला आहे, तो नव्हता असाही एक काळ होता. ही शिकवण त्याने गाण्यांत घातली. खलाशांसाठी, जात्यावरच्या कामकऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी त्याने गाणी केली असं नंतरच्या काळातला एक इतिहासकार सांगतो. त्याचा विरोधक अथानेशियस त्याच्या रचनेवर टीका करताना म्हणतो की तिचा ढंग दारूच्या बैठकीतल्या गाण्यांचा आहे. लक्षात घ्या, 'गुत्त्यातली चाल' हा तेव्हा अभिमानाचा मुद्दा नव्हता, आरोप होता. आणि अथानेशियस शब्दांवर बोलतो तसाच ढंगावरही बोलतो.

386 मध्ये मिलानमध्ये सम्राटाची आई जस्टिना हिने आरियसपंथीयांसाठी चर्च मागितलं. लोक अँब्रोजसोबत रात्रंदिवस चर्चमध्ये बसून राहिले. ते खचू नयेत म्हणून पूर्वेकडच्या मंडळ्यांप्रमाणे गीतं आणि स्तोत्रं गायला सुरुवात झाली, असं पुढे मोठा ख्रिस्ती विचारवंत झालेला ऑगस्टीन लिहितो. विरोधक म्हणू लागले की अँब्रोजने गाण्यांनी लोकांवर मोहिनी घातली. त्याने ते नाकारलं नाही. सगळे लोक मिळून रोज तोंडाने त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा एकच देव असल्याची, कबुली देतात, याहून प्रभावी मोहिनी कोणती, असं त्याचं उत्तर होतं. त्याच्या गीतांच्या ओळी छोट्या, एका मापाच्या, चार-चार ओळींचं कडवं. सगळ्यांना एकत्र म्हणता यावं असाच तो साचा होता. तेव्हा बाप्तिस्म्याच्या उंबरठ्यावर असलेला ऑगस्टीन नंतर कबूल करतो की गीतातल्या आशयापेक्षा गाणंच मला जास्त हलवून जातं तेव्हा माझ्या हातून पाप होतं. चाल नुसतं भांडं असती तर त्याला ही भीती वाटलीच नसती.

जिनिव्हातला धर्मसुधारक कॅल्विन याने 1543 मध्ये लिहिलं की घरात, जेवणाच्या मेजावर माणसांना रमवण्यासाठी गायचं गाणं वेगळं आणि देवासमोर मंडळीत गायचं गाणं वेगळं. मंडळीतल्या गाण्याला वजन आणि भारदस्तपणा हवा. तिथे तो जवळपास बायबलमधल्या स्तोत्रांपुरताच थांबला. तिथपर्यंत मी त्याच्याबरोबर जात नाही. पण त्याने केलेला फरक खरा आहे.

आणि या सगळ्यांच्या आधी प्रेषित पौल. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो, द्राक्षारसाने मस्त होऊ नका, त्यात बेतालपणा आहे. लगेच पुढे, आत्म्याने परिपूर्ण व्हा, आणि स्तोत्रं, गीतं व आध्यात्मिक प्रबंध एकमेकांना म्हणून दाखवा. दारूची बैठक आणि मंडळीचं गाणं त्याने मुद्दाम शेजारी ठेवलं आहे, फरक दिसावा म्हणून. मराठी शास्त्रातला 'बेतालपणा' हा शब्द मला फार नेमका वाटतो. शिवाय 'एकमेकांना' या शब्दात चालीची कसोटी आहे. गाणं प्रभूसाठी आहे आणि शेजारच्या भावाबहिणीसाठीही. ज्या चालीवर फक्त माइकसमोरचा एकटा गाऊ शकतो आणि बाकीचे ऐकत उभे राहतात, ती चाल त्या वचनाला अपुरी पडते, मग ती कितीही पवित्र घराण्यातली असो.

लौकिक चाल उपासनेत येतच नाही असं नाही. 1601 मध्ये जर्मन संगीतकार हान्स लिओ हास्लरने एक प्रेमगीत छापलं. त्याच्या पाच कडव्यांची आद्याक्षरं जोडली तर 'मारिया' हे नाव तयार होतं, इतकं ते खासगी. लय खेळकर, हेलकावे खाणारी. 1613 मध्ये ती चाल मरणाची वाट पाहणाऱ्या विश्वासणाऱ्याच्या गीताला लागली. 1656 मध्ये गीतकार पॉल गेरहार्टच्या शब्दांबरोबर ती ख्रिस्ताच्या जखमी मस्तकासमोर उभी राहिली. पुढे मंडळ्यांनी गाता गाता तिची लय हळूहळू सरळ आणि संथ केली, आणि संगीतकार बाखने ख्रिस्ताच्या दुःखसहनावरच्या आपल्या मत्तयकृत रचनेत ती पुन्हा पुन्हा आणली.

म्हणून कुणी नवी चाल घेऊन आलं की मी आधी ती शब्दांशिवाय गुणगुणायला सांगतो आणि विचारतो, ही ऐकल्यावर आधी काय आठवतं? मग सगळ्यांना उभं करून वाद्यांशिवाय एकदा गाऊन घेतो. मागच्या रांगेतल्या आजी तिसऱ्या कडव्यापर्यंत सोबत आल्या, तर ती चाल ठेवतो.