ॲपचाही कोर्स असावा, आणि तो संपावा

गेल्या वर्षी मार्चअखेरच्या धावपळीत व्हाउचरांचा एक गठ्ठा कपाटाच्या खालच्या कप्प्यातून उचलताना माझ्या कमरेत उसण भरली. मी एका करसल्लागाराच्या कार्यालयात हिशेब पाहते. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात आणि काही कसर उरलीच तर ती सिंहगड रस्त्यावरून दुचाकीने घरी येताना भरून निघते. चार दिवस शेकून बरे वाटेल असे धरून चालले होते, पण तीन महिने झाले तरी दुखणे हटेना, आणि त्याच्या जोडीने रात्रीची झोपही गेली. तेव्हा लेकीने माझ्या मोबाइलवर दोन ॲप घालून दिले, एक कमरेसाठी आणि एक झोपेसाठी, आणि वाढदिवसाचे निमित्त करून मनगटावर झोप मोजणारे घड्याळही बांधले. त्याला आता वर्ष होऊन गेले आहे. या काळात ही ॲप कुठे उपयोगी पडली आणि कुठे नुसती लुडबुड करत राहिली, याविषयी माझे जे मत झाले ते सविस्तर लिहिते आहे.

कमरेचे ॲप रोज सकाळी पहिला प्रश्न विचारी तो असा की, आज दुखणे शून्य ते दहापैकी किती आहे. पडद्यावर एक पट्टी येई आणि ती बोटाने सरकवायची असे. मी बहुतेक दिवस सहावर ठेवत असे, कारण पाच म्हटले तर तक्रार खोटी वाटेल आणि सात म्हटले तर कांगावा वाटेल. पुढे फिजिओथेरपिस्टकडे गेले तेव्हा त्या मुलीने आकडा विचारलाच नाही. तिने विचारले, “काकू, दुखतं म्हणजे नेमकं कसं हो? ठणकतं, कळ येते, की चमक निघते?” मी क्षणभर गप्प झाले, कारण तीन महिन्यांत हे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही स्वतःला विचारले नव्हते. बसून उठताना कंबर धरत होती, संध्याकाळी रग लागत होती, पण पायात उतरणारी चमक किंवा मुंग्या नव्हत्या. एवढ्या उत्तरावर तिचा निम्मा तपास झाला. मग तिने उताणे झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, गुडघ्यावर लहानशी हातोडी मारली, आणि शिरेवर दाब असल्याची लक्षणे दिसत नाहीत असे सांगितले.

दुखण्याला आकड्याइतकेच शब्द लागतात, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक नाही असे नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली तिच्यात वेदनेचे वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द वीस गटांत मांडलेले आहेत. मराठीत असा साठा काढायला बसले तर ठणका, कळ, चमक, रग, उसण, लचक, आखडणे, अवघडणे, भरून येणे, सलणे, टोचणे इथपर्यंत तर मी स्वयंपाक करता करता पोहोचते. माझ्या ॲपमध्ये मराठी हा पर्याय होता, परंतु तो ‘सुरू ठेवा’ आणि ‘वगळा’ या दोन बटणांपुरताच होता.

आता त्याच ॲपच्या बाजूने बोलायला हवे, कारण व्यायामाच्या बाबतीत त्याने मला खरोखर मदत केली. कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीवरील व्यायामाच्या २४९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला होता, आणि काहीच न करण्यापेक्षा व्यायामाने दुखणे बहुधा कमी होते असा त्याचा निष्कर्ष होता. अडचण व्यायाम कोणता हे कळण्यात फारशी नसते. तो बाराव्या दिवशीही करण्यात असते. ॲप संध्याकाळी सातला आठवण करून देई, चित्रफीत दाखवी, आवर्तने मोजी आणि आठवड्यागणिक हळूहळू वाढवी. हा चिवटपणा माझ्या अंगी नव्हता, तो मी त्याच्याकडून उसना घेतला. (आपल्या मार्जारासनाला ‘कॅट-काऊ’ म्हटले की त्याचे वर्षाचे पैसे पडतात, हा भाग निराळा.)

झोपेच्या घड्याळाबद्दल मात्र मला इतके उदार होता येत नाही.

झोपेची खरी तपासणी प्रयोगशाळेत होते. तिथे डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला तारा लावून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण रात्रभर नोंदवतात. मनगटावरच्या घड्याळाला यातले काहीही दिसत नाही. ते हाताची हालचाल मोजते, कातडीवर प्रकाश टाकून नाडी मोजते, आणि या दोहोंवरून तुम्ही कोणत्या झोपेत असाल याचा अंदाज बांधते. माणूस झोपला आहे हे त्याला बऱ्यापैकी कळते. परंतु माणूस निश्चल पडून जागा आहे हे त्याला नीट कळत नाही. आता ज्याची कंबर दुखते तो माणूस रात्री काय करतो? कुशीवर वळले की कळ येते म्हणून तो लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून राहतो. जून महिन्यातल्या एका रात्री मी दोनपासून साडेचारपर्यंत पंख्याकडे पाहत अशीच पडले होते. सकाळी घड्याळाने मला शंभरपैकी ८४ गुण दिले आणि गाढ झोपेबद्दल अभिनंदन केले. उलट एका रविवारी छान झोप झाली, पहाटेच्या साखरझोपेत तर माहेरचे अंगणसुद्धा दिसले, आणि उठून पाहते तो गुण ५८! त्याआधी मला अगदी ताजेतवाने वाटत होते. तो आकडा पाहिल्यानंतर मात्र दुपारपर्यंत अंग जड वाटत राहिले. याखेरीज उशीजवळ ठेवलेला मोबाइल आवाजावरून घोरणे टिपत असे. त्याने माझ्या नावावर ४७ मिनिटांचे घोरणे लावले, आणि ते कोणाचे होते हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे.

घड्याळातल्या झोपेच्या गुणांमागे लागून झोप घालवणाऱ्या माणसांविषयी अमेरिकेतल्या काही झोपतज्ज्ञांनी २०१७ मध्ये एक लेख लिहिला आणि या अवस्थेला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले. नाव जड आहे, पण अनुभव ओळखीचा आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप येत नाही, हे आपण शाळेत शिकलो. आता झोप हीच परीक्षा झाली आहे आणि तिचा निकाल रोज सकाळी लागतो.

निद्रानाशावर ज्या पद्धतीचा उपयोग होतो ती यापेक्षा पुष्कळ रुक्ष आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याचे उपचार, द्यावेत अशी शिफारस केली. त्या उपचारातला एक नियम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्येच मांडला होता: अंथरूण फक्त झोपेसाठी वापरावे आणि झोप येत नसेल तर तिथून उठून जावे. दुसरा भाग अधिक कठोर आहे. प्रत्यक्षात जितकी झोप लागते साधारण तितकाच वेळ अंथरुणात घालवायचा, आणि झोप सलग लागू लागली की तो वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचा. डॉक्टरांना विचारून मी हे सहा आठवडे केले. अपस्मार (फिट येणे) किंवा तीव्र मनोविकार असणाऱ्यांनी हे परस्पर करू नये, असे त्यांनी बजावले होते. रात्री साडेबारापर्यंत जागायचे आणि साडेपाचला उठायचे. पहिले दहा दिवस फार वाईट गेले. जेवताना पेंग येई, आणि दुचाकीवर डुलकी लागायला नको म्हणून मी बसने जाऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात पाठ टेकली की डोळा लागू लागला. या काळातली नोंद मी घड्याळात केली नाही. लेकीच्या जुन्या वहीत दोन रकाने आखले होते, एकात झोप आणि दुसऱ्यात कंबर.

ते रकाने शेजारी शेजारी आले तेव्हाच एक गोष्ट दिसली. झोप आधी सुधारली आणि कंबर तिच्या मागून दहा-बारा दिवसांनी सुधारू लागली. दुखण्यामुळे झोप जाते हे सगळ्यांना माहीत असते. पण मोडलेली झोप दुसऱ्या दिवशीचे दुखणे वाढवते, आणि हा उलटा परिणाम कदाचित अधिक जोरकस असतो, असे या विषयावरील संशोधनाचे आढावे सांगतात. माझी दोन ॲप वर्षभर एकाच मोबाइलमध्ये शेजारी शेजारी राहिली, तरी एकाने दुसऱ्याची कधी चौकशी केली नाही.

जर्मनीत २०१९ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने डॉक्टरांना ॲप चिठ्ठीवर लिहून देता येऊ लागले आणि त्याचा खर्च तिथला सार्वजनिक आरोग्य विमा देऊ लागला. २०२० मध्ये जी पहिली ॲप त्या सरकारी यादीत आली त्यांत निद्रानाशासाठीचे ‘सोम्नियो’ होते आणि कंबरदुखीसाठीचे ‘विविरा’ही होते. उपयोगाचा पुरावा अपुरा असेल तर तात्पुरती नोंद मिळते आणि तो साधारणपणे वर्षभरात सादर करावा लागतो. या व्यवस्थेवर टीकाही पुष्कळ झाली, विशेषतः कंपन्यांनी लावलेल्या किमतींवर, आणि ती मला रास्त वाटते. परंतु तिच्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: ही चिठ्ठी सहसा ९० दिवसांची असते. म्हणजे डॉक्टर जसा पाच दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स देतात तसाच हा ॲपचा कोर्स आहे, आणि पुढे हवा असेल तर पुन्हा विचारावे लागते.

आपल्या हाती येणारी ॲप नेमकी उलट घडणीची असतात. माझ्या कमरेच्या ॲपमध्ये बारा आठवड्यांचा कार्यक्रम होता. तो संपला त्या दिवशी ‘आता तुम्हाला माझी गरज नाही’ असे म्हणण्याऐवजी त्याने मला ‘पुढची पातळी’ देऊ केली, सलग दिवसांची साखळी तुटू नये म्हणून रोज टोचणी लावली, आणि वर्ष उलटताच न विचारता पुढच्या वर्षाचे पैसे खात्यातून वळते केले. ते परत मिळवायला मला तीन मेल आणि एक महिना लागला. रुग्ण बरा होऊन निघून गेला की ज्याचे नुकसान होते, त्याने त्याला बरे करण्याची घाई कशाला करावी? शिवाय माझे वजन, पाळी, गोळ्या, झोपेच्या वेळा हे सगळे त्या कंपनीकडे साठलेले आहेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात, आपण एकदा दिलेली संमती मागे घेण्याच्या अधिकाराची तरतूद आहे. मात्र माझ्या ॲपमध्ये ते बटण पाच पडदे आत होते.

एक सूचना मात्र कोणत्याही ॲपच्या आधीची आहे. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणे किंवा पायातली शक्ती कमी होणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप किंवा विनाकारण घटणारे वजन यांसाठीही डॉक्टरच हवेत.

घड्याळ मी आता फक्त वेळ पाहण्यासाठी बांधते आणि रात्री काढून कपाटात ठेवते. झोपेचे ॲप काढून टाकले. कमरेचे ॲप काढण्यापूर्वी मी त्या कंपनीला सविस्तर पत्र लिहिले: शून्य ते दहाच्या पट्टीखाली ठणका, कळ, चमक, रग, मुंग्या असे पाच मराठी शब्द घाला, आणि बारा आठवडे झाले की कार्यक्रम संपल्याचे स्पष्ट सांगा. आपोआप येणारी पोच दोन मिनिटांत आली. त्याला आता चार महिने झाले.