चाकणचे जावई

मर्सिडीजची ईक्यूएस ५८० ही विजेवरची गाडी २०२२ पासून पुण्याजवळ चाकणला जुळवली जाते. एका चार्जमध्ये ८५७ किलोमीटर, हा तिचा एआरएआयचा आकडा, आणि एआरएआय, म्हणजे गाड्या तपासून दाखला देणारी संस्था, कुठली, तर आपल्या पुण्यातल्या टेकडीवरची. म्हणजे जन्म चाकणचा, दाखला टेकडीचा. इतका गावातला जावई, पण त्याला पोटभर जेवू घालायचं म्हटलं की अख्ख्या गावाला घाम फुटतो, हे माझं जुनं दुखणं आहे.

भूकच तशी. बॅटरी १०७.८ किलोवॅट-अवरची, म्हणजे तेवढ्या युनिटांची, आणि डीसी चार्जिंगची (बाहेरच्या वेगवान चार्जरवरची) कमाल २०० किलोवॅट. पहिला आकडा पोटाचा, दुसरा घासाचा. शोरूममधून बाहेर पडताना मालकाच्या डोक्यात या दोन्हींची खिचडी झालेली असते, आणि हाल तिथूनच सुरू होतात.

२०० हा आकडा गाडीचा. वाढपी, म्हणजे चार्जर, ६० किलोवॅटचा असेल तर ६०च मिळणार, आणि शहरात ३०-६० वालेच सर्रास भेटतात. १० ते ८० टक्के म्हणजे साधारण ७५ युनिट, सव्वा तास. चालेल, तेवढ्यात मिसळ होते. पण चार्जरला गन, म्हणजे गाडीत खोचायच्या नळ्या, दोन असतात. दुसरीला कोणी नेक्सॉन आणून जोडली की बऱ्याच ठिकाणी सरळ वाटणी होते, ३० तुम्हाला, ३० त्याला. सव्वाचे झाले अडीच तास. वर तो नेक्सॉनवाला शेजारधर्म म्हणून विचारतो, "किती झालं?"

"चाळीस टक्के."

"अच्छा. माझी होईल मग तुमच्या आधी."

होणारच. तिचं पोट निम्म्याहून लहान आहे. पण हे दीड कोटीच्या गाडीत बसून ऐकायला छाती लागते.

त्यात पोर्श टायकनसारखी गाडी असेल तर आणखी गंमत. ही ८०० व्होल्टची. जुन्या टायकनची कमाल २७० किलोवॅट, पण चार्जर ५०० व्होल्टपर्यंतच जाणारा निघाला तर व्होल्टेज चढवायचं काम गाडीला स्वतः करावं लागतं, आणि मूळ सोयीनुसार ते ५० किलोवॅटवर अडतं. २७० चे ५०! म्हणून चार्जरच्या अंगावर चिकटवलेली पाटी वाचावी. किलोवॅट नंतर, आधी व्होल्ट आणि अँपिअर. बॅटरी ४०० व्होल्टची आणि गन २०० अँपिअरची म्हणजे ८० किलोवॅट. मग चार्जरवर १२० लिहिलेलं असो की १८०. पुणेकर गावातल्या सगळ्या पाट्या वाचतो, हीच तेवढी वाचत नाही.

समजा, तगडा चार्जर मिळाला. तरी जावई पंगतीला बसल्यासारखाच जेवतो. पहिल्या चार-पाच पुऱ्या बघता बघता संपतात, मग वेग मंदावतो आणि ८० टक्क्यांनंतर हात पानावर आडवा. कारण बॅटरीत लिथियमला शिरायला मोकळी जागा कमी उरलेली असते. आग्रह केला तर ते आत न जाता ॲनोडवरच, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकावर, धातू होऊन साचतं आणि बॅटरीचं आयुष्य खातं, म्हणून गाडीच घास लहान करते. शेवटच्या २० टक्क्यांसाठी मागची रांग खोळंबवून बसणाऱ्याला मी तरी उठवेन. आणि ७० टक्क्यांवर येऊन "वेग का येत नाही" विचारणाऱ्याला काय सांगावं? पोट भरल्यावर पंगतीला आलात. निघताना तो चार्जर गाडीच्याच नकाशात टाकायचा, मोबाइलच्या नव्हे. मग गाडी वाटेतच बॅटरी योग्य तापमानाला आणून ठेवते.

हे झालं बाहेरचं. खरी परीक्षा घरी, सोसायटीत. ना-हरकत पत्र, महावितरणचं वेगळं मीटर, मंजूर भार, आणि सेक्रेटरींचा ठरलेला प्रश्न: "तुमची गाडी लागली आणि लिफ्ट बंद पडली तर?" त्यातून पार पडलात की इलेक्ट्रिशियन येतो.

"साहेब, चार स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर बास आहे. एसी चालतो की तिच्यावर."

एसी सात-आठ अँपिअर घेतो आणि मध्ये दम खातो. ७.४ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर घेतो, रात्रभर, सलग. ६ स्क्वेअरची तांब्याची वायर घेतली आणि मीटररूम ते तळघर ६० मीटर अंतर निघालं, तरी जवळपास १२ व्होल्ट वाटेतच गळतात. १० स्क्वेअर घेतली तर ७. आधीच संध्याकाळी २१० वर आलेल्या लाइनीत हे बारा फार जाणवतात. एमसीबी, म्हणजे भार वाढला की पडणारा खटका, ४० अँपिअरचा, सोबत वीज गळली की लाइन तोडणारा आरसीसीबी, आणि ही लाइन दुसऱ्या कशालाही द्यायची नाही. काही गाड्यांचा आतला चार्जर ११ किलोवॅटचा असूनही सिंगल फेजवर ३.७ च घेतो, तेव्हा भिंतीवर ७.४ चा डबा लावण्याआधी तेवढं विचारून घ्यावं.

सगळं लावलं, गन जोडली, लाल दिवा. जावई रुसले. अशा वेळी बहुतेकदा अर्थिंग बघावं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजके व्होल्ट जरी जास्त दिसले तरी या गाड्या घास घेत नाहीत. न्यूट्रल कुठे ढिली नाही ना, ते आधी तपासायचं. मग पार्किंगच्या कोपऱ्यातला तो खड्डा, पत्रा, मीठ आणि कोळसा घातलेला, बिल्डर गेल्यापासून कोणी न उघडलेला. एप्रिलमध्ये तो ठणठणीत कोरडा. त्यात दोन बादल्या पाणी ओतलं की पुष्कळदा दिवा हिरवा होतो. दीड कोटीच्या जावयाचा रुसवा दोन बादल्यांत निघतो. तात्पुरता, पण निघतो.

मीटर मंजूर होईपर्यंत मात्र आसरा वॉचमनच्या केबिनमधल्या प्लगचा. १३ अँपिअर, ३ किलोवॅट. १० ते १०० टक्क्यांना दीड दिवस. रात्री नऊला १२ टक्क्यांवर गाडी लागते. अकराच्या सुमाराला वॉचमन त्याच बोर्डावर चहाची शेगडी लावतो, आणखी ९ अँपिअर. १६ चा एमसीबी थोडा वेळ सोसतो आणि दूध वर यायच्या बेतात असताना खाली पडतो. वॉचमन शांतपणे शेगडी दुसऱ्या बोर्डावर नेतो. एमसीबी परत वर करायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. सकाळी ऑफिसच्या वेळी स्क्रीनवर १७ टक्के, आणि खिडकीतून हात येतो: "साहेब, चहा?"