‘विकिपीडियावर आपल्याला लिहू देत नाहीत’ म्हणे!

सोलापूरच्या बऱ्याच ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: मराठी विकिपीडियावर वेळ घालवू नका. तिथं कुणीही काहीही लिहितं, त्यामुळं त्यातलं काही खरं नसतं. आपण आपल्या गावाबद्दल खरं लिहिलं तर पाच मिनिटांत उडवतात. इथलेच असून पुरावा मागतात, तोही इंटरनेटवरचाच. सगळा कारभार चार-दोन जणांच्या हातात आहे. पान पाहिजेच असेल तर एजंटला पैसे द्या, काम होतं. शेवटी अर्थातच ‘खरा सोलापूरकर असाल तर पुढं पाठवा’.

नव्या लोकांना विकिपीडियावर लिहायला शिकवताना हा मेसेज कुणी ना कुणी मोबाइल पुढं करून दाखवतंच. म्हणून एकदा काय ते लिहूनच टाकतो.

‘कुणीही काहीही लिहितं’ आणि ‘आपण लिहिलं की उडवतात’ ही दोन वाक्यं एकाच मेसेजात कशी नांदतात, देव जाणे. संपादन कुणालाही करता येतं, पण केलेलं टिकेलच असं नाही. आता, ही तपासणी कधी चुकते का? चुकते की. २००५ मध्ये जॉन सायगेंथेलर या अमेरिकी पत्रकाराच्या पानावर केनेडींच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर चार महिने तसाच पडून होता. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियानं खातं नसलेल्यांना नवं पान तयार करायची मुभा काढून घेतली. त्याच वर्षी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकानं विज्ञानावरचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा लेखामागं सरासरी चार चुका विकिपीडियात निघाल्या आणि तीन ब्रिटानिका या इंग्रजी विश्वकोशात. ब्रिटानिकाला ही तपासणी मान्य नव्हती, आणि हे आकडे इंग्रजीचे आहेत, मराठीला जसेच्या तसे लावू नयेत. पण ‘काही खरं नसतं’ हे त्यातून निघत नाही. खुद्द विकिपीडियाही स्वतःचा एक लेख दुसऱ्या लेखात पुरावा म्हणून चालवून घेत नाही. वाचणाऱ्यानं खालचा संदर्भ उघडून बघावा, अशीच अपेक्षा आहे.

आता मुख्य तक्रार. ‘इथलेच असून पुरावा मागतात.’ हो, मागतात. पुणेकराकडून मागतात, प्राध्यापकाकडून मागतात, आणि ज्याच्यावर पान आहे त्या माणसाकडूनही मागतात.

नमुन्यादाखल सोलापूरची गड्ड्याची यात्रा घेऊ. नवा संपादक उत्साहानं लिहितो: ‘ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर महाराजांची गड्डा यात्रा ही जगातील सर्वांत भव्य यात्रा असून तिला ९०० वर्षांची अखंड परंपरा आहे. प्रत्येक भाविकानं एकदा तरी अक्षता सोहळ्याचा लाभ घ्यावा.’ तासाभरात मजकूर गायब, आणि भाऊ ग्रुपवर लिहितो, आपल्या दैवताचा अपमान झाला. त्यानं पानावरच्या ‘इतिहास’वर टिचकी मारलेलीच नसते. तिथं प्रत्येक बदलाची नोंद असते: कुणी केला, कधी केला, किती मजकूर वाढला ते हिरव्यात, किती घटला ते लाल आकड्यात. दोन आवृत्त्यांतला फरक उघडला की डावीकडं जुनं, उजवीकडं नवं. आणि शेजारी कंसात कारण, बहुतेक वेळा एका ओळीचं: संदर्भ नाही, जाहिरातवजा भाषा.

त्या तीन दाव्यांकडं शांतपणे बघा. ‘सर्वांत भव्य’ हे मत आहे. ‘लाभ घ्यावा’ हे निमंत्रण आहे, ते पत्रिकेत शोभतं. ‘९०० वर्षे अखंड’ हा इतिहासाचा दावा आहे, तो कुणी अभ्यासकानं कुठं मांडला असेल तर त्याचं नाव घेऊन लिहायचा. तेच असं लिहून बघा: यात्रा मकर संक्रांतीच्या सुमारास भरते, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, शहरातल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, आणि प्रत्येक वाक्यामागं पुस्तक किंवा वर्तमानपत्राचा संदर्भ. हे कुणी सहजासहजी काढणार नाही. सिद्धेश्वरांची थोरवीही यात तसूभर कमी होत नाही.

तुम्ही सोलापूरच्या बाळीवेशीत राहता की बोरिवलीत, हे विकिपीडियाला कळायला मार्ग नाही. लातूरच्या वाचकाला तुमचा शब्द पडताळता आला पाहिजे, एवढाच हिशेब आहे.

‘इंटरनेटवरचाच पुरावा लागतो’ हे मात्र सरळ चूक, आणि सोलापूरसारख्या गावाचं सगळ्यात जास्त नुकसान करणारं. छापील संदर्भ पूर्ण चालतो. लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल, पान क्रमांक द्या. वर्तमानपत्र असेल तर तारीख द्या. हिराचंद नेमचंद वाचनालयात जा, ‘संचार’ दैनिकाचे जुने अंक मिळतात का बघा. जिल्ह्याची सरकारी माहिती देणारं १८८४ चं इंग्रजी गॅझेटिअर आहे, १९७७ चं आहे. १९३० चा सोलापुरातला मार्शल लॉ (लष्करी कायदा), १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यावर लिहायचं तर कागदाची कमतरता नाही. फक्त उतारेच्या उतारे उचलू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. खाली ‘साभार’ लिहिल्यानं मजकूर आपला होत नाही. पुष्कळ पानं पुराव्याअभावी नव्हे, या नकलेपायी जातात, पण मेसेजात त्याचा उल्लेख नाही.

एका ठिकाणी मात्र मेसेजवाल्याची तळमळ मला पटते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरांत मागाचं, रंगाचं, जेकार्ड मागावरच्या नक्षीचं जे ज्ञान आहे ते बव्हंशी कुठं छापलेलंच नाही. आजोबांनी सांगितलेलं विकिपीडियावर थेट टाकता येत नाही. ‘मूळ संशोधन नको’ हा नियम तिथं खरोखर आडवा येतो, आणि जिथं आधीच छापलेलं कमी, तिथं तो जास्त टोचतो. पण ती उणीव विकिपीडियाच्या आधीची आहे. कुणा अभ्यासकानं त्या मुलाखती घ्याव्यात, कुठल्या दिवाळी अंकानं त्या छापाव्यात, मग विकिपीडियावर यायला वाट मोकळी आहे.

चार-दोन जणांची मक्तेदारी? ‘प्रचालक’ म्हणजे समुदायानं निवडलेले, बिनपगारी सदस्य. पान वगळणं, सुरक्षित करणं, सदस्यावर बंदी घालणं ही जादा बटणं त्यांच्याकडं असतात. लेखात काय असावं याच्या वादात त्यांच्या मताला जादा वजन नसतं. मराठीत सक्रिय माणसं थोडी, त्यामुळं उत्तर उशिरा येतं, आणि नवख्याच्या पानावर डकवले जाणारे साचेबंद संदेश इतके रुक्ष असतात की माणूस घाबरून पळतो. माझ्या मते ते बदलायला हवेत. पण मजकूर काढला म्हणून तोच पुन्हा चार वेळा डकवायचा आणि बंदी आली की टोळी म्हणायची, हे काही खरं नाही. लेखाच्या चर्चा पानावर विचारा, नाहीतर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर. सराव ‘धूळपाटी’ या कच्च्या लिखाणाच्या पानावर करा, तिथं मोडतोड झाली तरी कुणी रागवत नाही.

राहिला एजंट. विकिपीडियात पान करायचं शुल्क नाही, त्यामुळं तुम्ही दिलेले पैसे जातात ते त्या माणसाच्या खिशात. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियानं अशाच एका साखळीतली ३८१ खाती बंद केली. त्यांची रीत बघा: ज्यांचे मसुदे नाकारले गेलेत असे छोटे व्यावसायिक आणि कलाकार हेरायचे, पैसे घेऊन पान चढवायचं, आणि पुढं ते ‘सांभाळायला’ पुन्हा पैसे मागायचे. त्यांनी चढवलेली २०० हून अधिक पानं वगळली गेली. तुमच्यावर कुणी तिऱ्हाइतानं भरघोस लिहिलेलं नसेल तर पान पैसे देऊनही टिकत नाही, आणि लिहिलेलं असेल तर एजंट लागत नाही. तरीही द्यायचेच असतील, तर त्याला आधी त्याच्या सदस्य पानाची लिंक मागा. पैसे घेऊन लिहितो हे जाहीर करणं २०१४ पासून वापराच्या अटींत सक्तीचं आहे. तिथं, लेखाच्या चर्चा पानावर किंवा बदलाच्या सारांशात त्यानं तुमचं नाव गिऱ्हाईक म्हणून लिहायला हवं.