आमची कॉपी कुठे आहे?

स्टुडंट फिल्ममध्ये काम केलं आणि नंतर कॉपी मागितली की उत्तर येतं, 'एडिट चालू आहे.' हे वाक्य यापुढे मला कुणीही ऐकवू नये. तुमचं सबमिशन झालं, मार्क लागले, पदवी हातात आली, पोस्टर टाकून झालं, अभिनंदनाचे मेसेज घेऊन झाले, तुमच्यातले निम्मे कामालाही लागले आणि एडिट अजून चालूच? परीक्षकांना दाखवायला फिल्म तयार होती ना? मग पहिल्या शॉटपासून शेवटच्या शॉटपर्यंत जिचा चेहरा त्यात आहे, तिला दाखवायलाच ती तयार का नाही?

मी स्टुडंट फिल्ममध्ये कामं करते. पैशांसाठी करत नाही, कारण तिथे पैसे नसतातच आणि मला ते मान्य आहे. जे काही असतात ते लेन्सच्या भाड्यात आणि लोकेशनमध्ये जातात, हे मला कळतं. मी आजवर एकाही विद्यार्थ्याकडे मानधन मागितलेलं नाही. व्यवहार साधा असतो, पहिल्याच भेटीत बोलून झालेला असतो. मी माझे दिवस देईन, तू मला फिल्मची कॉपी दे. कास्टिंग करणारे लोक शोरील, म्हणजे आपल्या कामाच्या निवडक तुकड्यांचा व्हिडिओ मागतात आणि तेही दीड-दोन मिनिटांच्या पुढे बघत नाहीत. तिथे रंगमंचावरचं काम चालत नाही. मागच्या रांगेतून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये नटाचे डोळेही दिसत नाहीत. कॅमेऱ्यासमोर काय करता येतं हे दाखवायला कॅमेऱ्यासमोरचंच काम लागतं आणि नवीन माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं करायला विद्यार्थ्यांशिवाय फारसं कुणी तयार नसतं. म्हणजे ती कॉपी हीच आमची मजुरी आहे. ती बुडवणं म्हणजे मजुरी बुडवणं. याला दुसरं नाव देऊ नका.

आणि हे मी स्टुडंट फिल्मचा तिटकारा आहे म्हणून लिहीत नाहीये. उलट आहे. मला आजवर मिळालेल्या सगळ्यात चांगल्या भूमिका तिथेच मिळाल्यात. जाहिरातीत मला 'थोडं अजून हसा' एवढंच सांगितलं गेलं. मालिकेत दोन वाक्यं बोलून ट्रे ठेवून बाहेर जायचं असतं. एका विद्यार्थिनीने मात्र सगळं युनिट थांबवून, लाइट तयार असताना, माझ्याशेजारी जमिनीवर बसून बराच वेळ फक्त एवढंच बोलत काढला, की ही बाई कपाटातलं ते पाकीट उघडत का नाही. तिला भीती वाटते का? की आत काय आहे हे तिला आधीच माहीत आहे? उत्तर बदललं की माझा हात बदलत होता, बोटं पाकिटाच्या कडेवर किती वेळ थांबतात ते बदलत होतं आणि तिला तो फरक मॉनिटरवर दिसत होता. 'आता तुम्ही आधी कपाटाकडे बघितलंत, मग हात नेलात. मागच्या टेकला हात आधी गेला होता. मला तो हवाय.' असं बघणारं माणूस नटाला क्वचित भेटतं. त्या टेकनंतर बूम, म्हणजे काठीवरचा माइक धरलेल्या मुलाने मान वळवून डोळे पुसले, ते मी पाहिलं. अशा दिवसासाठी मी पुन्हा फुकट जाईन, रात्रभर जागेन.

तो टेक मी आजतागायत पाहिलेला नाही.

म्हणून राग येतो. काम वाईट झालं असतं तर सोडून दिलं असतं.

बाकीच्या गोष्टी मी सहन करते. पहाटेचा कॉल टाइम देऊन पहिला शॉट दुपारी लागतो, सहन करते. लायटिंग शिकणारं पोरगं एकच लाइट चार जागी लावून बघतं. बघू दे, शिकायलाच आलंय. दिग्दर्शक, एडी (सहायक दिग्दर्शक) आणि कंटिन्युइटी बघणारी व्यक्ती एकच असते, त्यामुळे मास्टरमध्ये, म्हणजे पूर्ण सीनच्या लांबच्या शॉटमध्ये, ओढणी डाव्या खांद्यावर आणि क्लोज-अपला उजव्या. ते मीच लक्षात ठेवते, मीच सांगते. पण एका गोष्टीवर मला बोलायचंच आहे. दिवसातला सगळ्यात जड सीन, नटाचा रडण्याचा क्लोज-अप, नेहमी शेवटी का? आधी मास्टर, मग माझ्या खांद्यावरून समोरच्याचा शॉट (ओव्हर-द-शोल्डर), मग हातांचे इन्सर्ट, मग खिडकीचा एक शॉट जो शॉट डिव्हिजनमध्ये, म्हणजे ठरलेल्या शॉटच्या यादीत नव्हताच. तोपर्यंत मी कॅमेऱ्याबाहेर उभी राहून समोरच्याला प्रत्येक वेळी खरं खरं रडून संवाद देते, कारण त्याच्याही चेहऱ्यावर काहीतरी यायला हवं. मग उजेड जायला लागतो आणि माझ्यावर कॅमेरा येतो तेव्हा आवाज येतो, 'एकच टेक होईल हां, पटकन.'

त्या एका टेकमध्ये मी जे होतं नव्हतं ते सगळं दिलं. कट झाला. कुणी काही बोलेना. मग साउंडवाल्या मुलाने हळूच सांगितलं, रेकॉर्डर रोल झाला नव्हता. क्लॅपच्या आधी 'स्पीड', म्हणजे आवाज रेकॉर्ड होतोय, असं कुणी म्हटलंच नाही आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. 'डबिंगला करून घेऊ ना!' श्वास डबिंगला करून घेणार? हुंदक्याच्या आधी घसा बंद होतो, तो आवाज बंद खोलीत माइकसमोर कसा आणणार? आणि ते डबिंगही कधी झालं नाही, कारण त्यासाठी मला कुणी बोलावलंच नाही.

सीन आयत्या वेळी बदलण्याबद्दलही बोलते. वाचनात नसलेली थप्पड सेटवर येते. वाचनात नसलेली मिठी येते, लांबते. 'मॅम, तेव्हाच सुचलं, खूप ऑरगॅनिक आहे.' नाही. शरीराला हात लागणार असेल तर ते आधी ठरलं पाहिजे, कोण कुठे हात ठेवणार हे चालून बघितलं पाहिजे आणि नटाने नाही म्हटलं तर विषय संपला पाहिजे. इतर काही सेटवर यासाठी आता इंटिमसी कोऑर्डिनेटर नेमतात, मारामारीला फाइट मास्टर असतो. विद्यार्थ्यांकडे ती माणसं नसतील, पण विचारायला तोंड तर असतं.

तर, कॉपी. कारणं मला पाठ झाली आहेत.

'हार्ड डिस्क क्रॅश झाली.' मग बॅकअप? पहिल्याच वर्षी शिकवतात ना, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. कॅमेऱ्याचं कार्ड पुसण्याआधी एवढं करायचं असतं. एकाच डिस्कवर एकच प्रत ठेवून तीच बॅगेत टाकून फिरलात, तर तो अपघात नाही, हलगर्जीपणा आहे. त्यात फक्त तुमची फिल्म गेली नाही, आमचंही काम गेलं.

'फेस्टिव्हलला पाठवायची आहे, प्रीमियरचा नियम असतो.' हे सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय आणि सगळ्यात जास्त चीड यानेच येते, कारण यात अर्धं खरं मिसळलेलं आहे. हो, फिल्म आधी कुठे लोकांना दाखवलेली नसावी असा नियम असतो. ऑस्करच्या शॉर्टफिल्म विभागात पात्र ठरण्याआधी फिल्म लोकांसाठी ऑनलाइन टाकली तर ती बाद होते. पण नियम सार्वजनिक प्रदर्शनाबद्दल आहे. पासवर्ड लावलेली खासगी लिंक फिल्ममधल्या नटाला पाठवणं म्हणजे प्रदर्शन नव्हे. ज्युरीलाही तुम्ही तशीच लिंक पाठवता की! आणि मला पूर्ण फिल्म नकोच आहे. माझे कुठलेही दोन सीन द्या. ते शोरीलमध्ये कधी टाकायचे याची तारीख तुम्ही सांगा, मी पाळेन.

आणि फेस्टिव्हलचं म्हणाल, तर तिथे तरी नीट बघून पाठवता का? ऑस्करला शॉर्टफिल्म म्हणजे श्रेयनामावलीसकट ४० मिनिटं, फ्रान्समधल्या कान फेस्टिव्हलच्या स्पर्धेतल्या शॉर्टफिल्मला श्रेयनामावलीसकट १५. विसाव्या मिनिटाला संपणारी फिल्म घेऊन 'कानला पाठवतोय' म्हणून नटाला थांबवून ठेवायचं? कुठल्या विभागात, ते तरी सांगा.

'साउंड डिझाइन बाकी आहे', 'कलर बाकी आहे.' असू दे बाकी. शोरीलमध्ये माझं काम बघतात, तुमचा कलर नाही. दहा मिनिटांची फिल्म ५ एमबीपीएसला (सेकंदाला ५ मेगाबिट) एक्स्पोर्ट केली तर चारशे एमबीच्या आत बसते. रात्री एक्स्पोर्टला लावून झोपलात तरी सकाळी लिंक तयार असते. कोपऱ्यात टाइमकोडचे आकडे पळत असले तरी हरकत नाही. तेही जमत नसेल तर माझ्या क्लोज-अपचे रशेस, म्हणजे न कापलेलं शूटिंग द्या, मी स्वतः कापून घेईन.

सगळ्यात संतापजनक म्हणजे तो कागद. पहिला शॉट लागण्याआधी, मेकअप चालू असताना, रिलीज फॉर्म समोर येतो. माझा चेहरा, माझा आवाज, सगळ्या माध्यमांत, सगळ्या जगात, कायमचा तुमचा. त्यावर सही घ्यायला तुम्ही एकदाही विसरत नाही. त्यात तुम्ही मला काय देणं लागता याची एकही ओळ नसते. मग तोंडी दिलेला शब्द पॅकअपनंतर विरून जातो. ग्रुपमधून एकेक जण बाहेर पडतो. मेसेजवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. नंतर कुणाच्या तरी स्टेटसवर कळतं की स्क्रीनिंग झालंसुद्धा. आम्हाला साधं बोलावलंही नाही.

यात शिकवणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. सबमिशनच्या यादीत पटकथा लागते, बजेट लागतं, कॉल शीट लागतात, संगीताच्या परवानग्या लागतात. नटांना कॉपी पोहोचली का, हा रकाना त्या यादीत का नाही? तो टाका. पोचपावतीशिवाय मार्क देऊ नका. एका सत्रात सगळी एडिटं वेळेवर संपतील. मुलं वाईट नसतात, दमलेली असतात, पुढच्या कामाला लागलेली असतात. पण नटाचं देणं बुडवलं तरी काही होत नाही, हे त्यांनी तुमच्याच वर्गात शिकलेलं आहे.

आणि ज्यांनी कॉपी दिली त्यांच्याबद्दलही सांगते, कारण असे लोक आहेत. एकाने त्याच आठवड्यात माझे सीन वेगळे काढून पाठवले, सोबत दोन टेक जास्तीचे, 'हे फिल्ममध्ये बसले नाहीत, पण तुमचे चांगले आहेत' असं लिहून. त्याच्याकडेही पैसे नव्हते, त्याचीही परीक्षा होती, त्याचाही लॅपटॉप अडकत होता. त्याने रात्री दोनला फोन केला तरी मी उचलते.

यापुढे माझा नियम ठरला आहे. तुमच्या रिलीज फॉर्मवर मी सही करेन, पण त्याच पानावर आधी माझी एक ओळ येईल. शूटनंतर अमुक तारखेपर्यंत माझे सीन मला मिळतील, फिल्म पूर्ण झालेली असो वा नसो. तारीख तुम्ही घाला, सोयीची घाला, तीन महिन्यांनंतरची घातली तरी चालेल. खाली दिग्दर्शकाची सही. मग कॉल टाइम कळवा, मी वेळेच्या आधी येईन.