कायको-कोकोश म्हणजे ॲस्टेरिक्सची नक्कल नव्हे

कॉमिक्स वाचणाऱ्यांमध्ये एक मत फार फिरतं. पोलंडचे चित्रकथाकार यानुश ख्रिस्ता यांनी ॲस्टेरिक्स या फ्रेंच कॉमिक्समधली बुटका ॲस्टेरिक्स आणि जाड्या ओबेलिक्स ही जोडी उचलली, शत्रूने घेरलेलं गाव उचललं, जादूटोणाही उचलला, आणि गॉल, म्हणजे फ्रान्सच्या प्राचीन लोकांच्या जागी पोलिश लोकांचे पूर्वज, प्राचीन स्लाव बसवून ‘कायको आणि कोकोश’ ही मालिका उभी केली, असं ते मत. नेटफ्लिक्सवरची २०२१ ची ॲनिमेशन मालिका पाहून या दोघांना पहिल्यांदाच भेटणाऱ्याला हे लगेच पटतं. मला ते पटत नाही, आणि एका मोठ्या चित्रकाराच्या आयुष्यभराच्या कामावर हा शिक्का बसलेला बघून वाईटही वाटतं.

आधी जोडीचं बघू, कारण आरोपाचा सगळा भार तिच्यावरच आहे. ॲस्टेरिक्स पहिल्यांदा छापला गेला २९ ऑक्टोबर १९५९ रोजी, ‘पिलोत’ या फ्रेंच साप्ताहिकात. ख्रिस्तांची ‘कायतेक आणि कोको’ ही मालिका पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरातल्या एका सायंदैनिकात १९५८ मध्येच सुरू झाली होती. कायतेक हा बुटका, चलाख खलाशी. कोको हा त्याचा थोराड, खादाड, बढाईखोर सोबती. ही जोडी १९७२ पर्यंत चालली. १९६८ पासून ती अंतराळातही गेली, आणि त्या एकाच कथेच्या चित्रपट्ट्या भरल्या १,२७०! एवढं झाल्यावर ख्रिस्तांनी त्याच दोघांना स्लाव योद्ध्यांचे कपडे चढवले, नावं थोडी बदलली आणि त्याच दैनिकात ‘सोन्याचा चषक’ ही कथा सुरू केली. म्हणजे कायको आणि कोकोश हे ॲस्टेरिक्स-ओबेलिक्सचे वंशज नाहीत, ते कायतेक-कोकोच आहेत. आणि अशी विजोड जोडी तर लॉरेल-हार्डीपासून सगळ्या जगाची आहे. तिच्यावर पॅरिसचाही हक्क नाही.

आता साम्य कुठे आहे तेही सांगतो. १९७२ मध्ये ॲस्टेरिक्स युरोपभर गाजत होता. इतिहासात घडणारं विनोदी साहस, लाकडी कुंपणाआडचं गाव, करारी बायको असलेला गावप्रमुख, हे सगळं दोन्हीकडे सापडतं. तो काळ निवडताना ख्रिस्तांवर फ्रेंच मालिकेचा प्रभाव पडला असेल असं कुणी म्हटलं, तर मी वाद घालणार नाही. पण प्रभाव वेगळा, नक्कल वेगळी.

वेढलेल्या गावाचंच घ्या. ॲस्टेरिक्सच्या गावासमोर रोमन साम्राज्य आहे, आणि गावाला त्याची भीती अशी कधी वाटतच नाही. अचाट ताकद देणारा जादूचा काढा प्यायला की निकाल ठरलेला. कायको-कोकोशचं गाव मिर्मिवोवो, त्याच्यासमोर साम्राज्य नाही. तिथे आहे हेगेमोन नावाच्या म्होरक्याची लुटारू सरदारांची टोळी, मध्ययुगात पोलंडला छळणाऱ्या ट्यूटॉनिक सरदारांचं, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचं, उघड विडंबन. ज्यांच्याशी १४१० मध्ये ग्रुनवाल्डची लढाई झाली ते हे सरदार. पोलिश मुलाला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. मिर्मिवोवोचा गढीप्रमुख मिर्मिव जरा काही बिघडलं की हातपाय गाळतो, मग त्याची बायको लुबावा सूत्रं हाती घेते. कोकोशकडे ओबेलिक्ससारखी अमानवी ताकदही नाही. ती आहे वामिग्नात या दरोडेखोराकडे, आणि तो चेटकीण यागाचा नवरा!

जादूचा आरोप मला सगळ्यात कच्चा वाटतो. इथली जादू स्लाव लोककथांतून आलेली आहे. यागा म्हणजे लोककथेतली भयंकर म्हातारी, इथे मात्र गावाच्या मदतीला धावणारी. ‘उडण्याची शाळा’ या कथेतला विसा गुरा, म्हणजे उघडा डोंगर, हा पोलिश दंतकथांमध्ये चेटकिणींच्या मेळ्याची जागा म्हणून प्रसिद्ध आहे. आणि मिलुश हा छोटा ड्रॅगन! क्राकूवच्या वावेल टेकडीखालच्या ड्रॅगनला गंधक भरलेली मेंढी खायला घालून मारलं, ही पोलंडमधली घराघरातली गोष्ट. ख्रिस्तांनी त्याच ड्रॅगनच्या जातीचं पिल्लू गावात आणलं, त्याला लाडाने वाढवलं. लोककथा अशी उलटी करून दाखवण्यात या मालिकेचा खरा आनंद आहे, आणि त्यातलं काहीही गॉलमधून आलेलं नाही.

कामाची पद्धतही निराळी. ॲस्टेरिक्स दोघांचा: गोसिनी लिहीत, उदेर्झो काढत. (गोसिनींचे वडील वॉर्सोत जन्मलेले, हा एक छान योगायोग.) ख्रिस्ता मात्र लिहायचे आणि काढायचेही स्वतःच, आणि सुरुवातीच्या कथा दैनिकासाठी, पट्टी-पट्टीने. रोज दोन-तीन चौकटींत गंमत साधायची आणि उद्याची ओढही लावायची. या कथांची धाव आणि वळणं त्या शिस्तीतून आली आहेत.

याच मताच्या जोडीने दुसरंही एक फिरतं: ही मालिका म्हणजे आद्य स्लावांचा सचित्र इतिहास. तेही खरं नाही. लोक अजून जुने देव मानतात, म्हणजे काळ ९६६ मधल्या मिएश्को या पोलिश शासकाच्या बाप्तिस्म्याआधीचा. पण ट्यूटॉनिक सरदार पोलंडच्या सीमेवर आले तेराव्या शतकात, आणि मिर्मिवचं गढीप्रमुखाचं पद हे बाप्तिस्म्यानंतरच्या राज्यातलं. ख्रिस्तांनी हे सगळे काळ विनोदासाठी मोकळेपणाने एकत्र केले. इतिहास शिकवण्याचा आव त्यांनी आणलेला नाही, तेव्हा त्या मापाने त्यांना मोजणंही चूक.