ताज हॉटेल उलटं बांधलं म्हणणाऱ्यांसाठी

गेटवेवर पाहुण्यांना घेऊन गेलं की ही गोष्ट कोणी ना कोणी सांगतंच. झटपट फोटो काढून देणारे सांगतात, घारापुरीच्या लाँचमधला शेजारी सांगतो, आणि दर काही महिन्यांनी ती व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुम्हाला माहीत आहे का?’ असा मथळा लावून नव्याने फिरते. गोष्ट अशी: ताजमहाल हॉटेलचा आराखडा एका इंग्रज आर्किटेक्टने (काही आवृत्त्यांत तो फ्रेंच असतो) काढला. नकाशे इथल्या लोकांच्या हवाली करून तो मायदेशी गेला. इथल्यांनी नकाशा उलटा धरला आणि हॉटेलची पाठ समुद्राकडे, तोंड शहराकडे झालं. साहेब बोटीने परत आला, बंदरातूनच त्याला तो घोळ दिसला आणि त्याच हॉटेलच्या वरच्या मजल्यावरून त्याने उडी टाकली.

गोष्ट रंगतदार आहे, यात वाद नाही. त्यात खरं एवढंच की हॉटेलचं मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं. बाकीचा एकेक तुकडा आता तपासून बघू.

“आर्किटेक्ट इंग्रज होता”

नव्हता. ताजचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांचा. यातले वैद्य म्हणजे कोणी नवखे गृहस्थ नव्हेत. १८७८ ते १८८८ या काळात व्हिक्टोरिया टर्मिनस उभं राहत होतं तेव्हा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली ते साहाय्यक अभियंता होते. म्हणजे त्या काळातल्या मुंबईतलं सगळ्यात गुंतागुंतीचं बांधकाम त्यांनी रोज जवळून पाहिलेलं होतं. ताजच्या बांधकामाचा ठेका खानसाहेब सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर यांच्याकडे होता आणि हॉटेलच्या मध्यभागी आधाराशिवाय तरंगल्यासारखा दिसणारा जो प्रसिद्ध जिना आहे, तोही त्यांच्याच नावावर आहे. डब्ल्यू. ए. चेंबर्स हे इंग्रज गृहस्थ शेवटच्या टप्प्यात आले आणि त्यांनी काम पूर्णत्वाला नेलं.

आता गोष्टीत काय होतं ते पाहा. कल्पना साहेबाची, घोळ नेटिव्हांचा. प्रत्यक्षात कल्पना एका मराठी आणि एका पारशी माणसाची, बांधणारा पारशी, मालक पारशी. एवढी नावं पुसून त्यांच्या जागी एक बिननावाचा गोरा माणूस बसवायचा, आणि ती गोष्ट आपणच कौतुकाने पुढे पाठवायची! खरं सांगायचं तर मला यातली उडी तितकी खटकत नाही, हे खटकतं.

“तो परदेशी गेला आणि मागे नकाशा उलटा धरला गेला”

यावर फार वेळ घालवायला नको. कुठल्याही साइटवरच्या मुकादमाला विचारा. पाया खणण्याआधी जमिनीवर लाइन-आउट होतं, खुंट्या ठोकतात, दोरी ताणतात, फक्की मारतात. इमारत कुठे सुरू होते, कुठे वळते, दार कुठे येणार, हे त्याच दिवशी चालत्या माणसालाही दिसतं. ताजचं काम १८९८ च्या सुमारास सुरू झालं आणि हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. जमशेटजी टाटा या हॉटेलसाठी स्वतः युरोपात फिरून सामानसुमान खरेदी करत होते. एवढं लक्ष घालणाऱ्या मालकाला आपल्या हॉटेलचं तोंड कुठे आहे हे पाच वर्षं कळलं नाही, असं मानायचं तर माना.

“तोंड समुद्राकडे असायला हवं होतं”

गोष्टीचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

ताजच्या जुन्या इमारतीचा नकाशा इंग्रजी ‘यू’सारखा आहे. मुख्य लांब भाग बंदराच्या कडेने जातो आणि त्याच्या दोन टोकांपासून दोन बाहू पश्चिमेकडे, म्हणजे शहराकडे, निघतात. मधे अंगण. मूळ दार या अंगणाच्या बाजूने. १९०३ चा पाहुणा स्टेशनवरून किंवा फोर्टातून घोडागाडीने यायचा, म्हणजे शहराच्याच बाजूने यायचा. गाड्या वळायला, थांबायला, सामान उतरवायला आडोशाचं अंगण सोयीचं. समुद्राच्या बाजूला अशी जागा होती कुठे?

आता ‘बरोबर’ बांधलेलं ताज डोळ्यांसमोर आणा. तोच नकाशा अर्धा फेरा फिरवला की अंगण बंदराकडे उघडतं, मुख्य भाग मागे सरकतो आणि पाण्याच्या अगदी काठाला येतात ती दोन बाहूंची अरुंद टोकं. बाहूंमधल्या खोल्यांच्या खिडक्या एकमेकींकडे तोंड करून. पाण्याकडे थेट बघणाऱ्या ज्या खोल्यांसाठी पाहुणा पैसे मोजतो, त्या अंगणापलीकडे ढकलल्या जातात आणि समोरच्या अंगणात घोडागाड्यांची ये-जा. असा आराखडा कुठल्या हॉटेलवाल्याने मंजूर केला असता? आहे त्या नकाशात मुख्य इमारतीची सबंध लांबी बंदराला मिळते आणि गाड्यांचा गोंगाट पलीकडे राहतो.

यावर एक शहाणं उत्तर ऐकायला मिळतं: अंगण समुद्राकडे असतं तर वारा आत आला असता. ऐकायला पटतं, पण दिशा चुकते. ताजसमोरचं पाणी म्हणजे मुंबईचं बंदर. ते पूर्वेला आहे, तिथे सूर्य उगवतो, मावळत नाही. मुंबईत दुपारी जो खारा वारा सुटतो तो पश्चिमेच्या खुल्या अरबी समुद्रावरून येतो आणि पावसाळी वारेही त्याच अंगाने येतात. पश्चिमेकडे उघडलेलं अंगण वाऱ्याला पाठ नाही दाखवत, सामोरं जातं. वैद्यांनी हाच हिशेब केला होता असं मी म्हणत नाही, हा माझा तर्क. पण वाऱ्याचा मुद्दा काढायचाच असेल तर तो गोष्टीच्या विरोधात जातो.

आणि मग व्हीटी आठवा. तिथेही मुख्य इमारतीचे दोन बाहू पश्चिमेकडे, रस्त्याच्या बाजूला पुढे आले आहेत. मधे बाग, अंगणातून प्रवेश, मध्यभागी घुमट आणि घुमटाखाली भव्य जिना. ताजमध्येही मध्यभागी घुमट, घुमटाखाली जिना, दोन बाहू, अंगण आणि पश्चिमेचं दार. ज्या माणसाने व्हीटीवर काम केलं त्याने दहा वर्षांनी हॉटेल आखताना तीच रचना वापरली, यात आश्चर्य कसलं? रेल्वेच्या इमारतीचं तोंड रुळांकडे नाही, म्हणून व्हीटी उलटी बांधली, असं तर कोणी म्हणत नाही.

“पण बघा ना, दिसतं तर उलटंच!”

दिसतं, हे कबूल. ते का दिसतं, हे मात्र बघण्यासारखं आहे.

आपण ताज बघतो ते गेटवेच्या फरसबंदीवरून. १९०३ मध्ये ती फरसबंदी नव्हती आणि गेटवेही नव्हता. डिसेंबर १९११ मध्ये राजा पाचवा जॉर्ज अपोलो बंदरावर उतरला तेव्हा त्याच्या स्वागताला तात्पुरती कमान होती. आजच्या गेटवेचा पायाचा दगड बसला ३१ मार्च १९१३ ला. जॉर्ज विटेट यांचा आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये. मग किनाऱ्यावर भराव घालून समुद्राला भिंत बांधायचं काम १९१९ पर्यंत चाललं आणि गेटवे खुला झाला ४ डिसेंबर १९२४ ला. म्हणजे ज्या जागी उभं राहून आपण ‘पुढची बाजू’ ठरवतो ती जागा हॉटेलनंतर वीस-एकवीस वर्षांनी तयार झाली.

त्याआधी ताजची ही बाजू समोरून कोणाला दिसायची? बोटीवरच्या माणसाला. आजही लाँच धक्क्यापासून थोडी लांब गेली की हे कळतं. जमिनीवरून तिरकी, तुकड्यातुकड्यांत दिसणारी इमारत एकदम सरळ समोर येते: मधला मोठा लालसर घुमट, कोपऱ्यांवरचे छोटे घुमट, बाहेर काढलेल्या खिडक्या आणि सज्जांच्या ओळी. कोणी इमारतीची ‘पाठ’ म्हणून एवढा खर्च करत नाही. ही बाजू बघण्यासाठीच केली होती, फक्त दार तिथे नव्हतं. दार आणि देखावा एकाच अंगाला असले पाहिजेत, हा नियम आपल्या डोक्यातला. जुन्या वाड्यात तर उलटंच असायचं. रस्त्याकडे जाड भिंत आणि दिंडी दरवाजा, सगळी कोरीव हौस आतल्या चौकात. त्याला कोणी उलटा वाडा म्हटलं नाही.

त्यात भर फोटोंची. गेटवे झाल्यापासून ताजचं चित्र म्हणजे कमान एका बाजूला, हॉटेल दुसऱ्या बाजूला आणि मधे कबुतरं. पोस्टकार्डावर हेच, कॅलेंडरवर हेच, सिनेमात हेच. शहराकडच्या बाजूचा फोटो फॉरवर्ड झालेला मी तरी पाहिलेला नाही. ज्या बाजूचे फोटो निघतात ती पुढची, हे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्या बाजूला मूळ दार नाही म्हटल्यावर चूक झाली असणार, असं आपोआप वाटतं.

“आणि आर्किटेक्टने जीव दिला”

वैद्य काम चालू असतानाच १९०० मध्ये गेले, मलेरियाने. हॉटेल उघडायला तेव्हा तीन वर्षं होती. चेंबर्स यांनी तर इमारत पुरी केली. ती पाहून त्यांना धक्का बसायचं कारण नाही.

गंमत म्हणजे हीच गोष्ट ग्लासगोतही सांगतात. तिथलं केल्व्हिनग्रोव्ह हे कलासंग्रहालय १९०१ मध्ये उघडलं. त्याचं भव्य दार रस्त्याकडे नसून बागेकडे आहे. म्हणून तिथले लोक म्हणतात की इमारत उलटी बांधली गेली आणि आर्किटेक्टने मनोऱ्यावरून उडी मारली. दार बागेकडे असावं हे मुळातच ठरलेलं होतं आणि त्या इमारतीच्या दोन आर्किटेक्टांपैकी जॉन सिम्पसन पुढे १९३३ पर्यंत जगले. दोन वर्षांच्या अंतराने उघडलेल्या दोन इमारती, दोन वेगळे देश, आणि उडी तीच.

खरी दुर्घटना व्हिएन्नात घडली. तिथलं ऑपेरा हाउस बांधलं जात असताना समोरचा रस्ता सुमारे एक मीटर उंच केला गेला. इमारत खचल्यासारखी दिसू लागली आणि लोकांनी टीकेची झोड उठवली. दोघा आर्किटेक्टांपैकी एदुआर्द फान डेर न्युल यांनी एप्रिल १८६८ मध्ये आत्महत्या केली. तिथेही इमारतीत चूक नव्हती, बघणाऱ्याच्या पायाखालची जमीन बदलली होती.

“मग आता दार समुद्राकडे का? चूक सुधारली ना!”

हा शेवटचा बाण. आज प्रवेश बंदराच्या बाजूने, रामचंदानी मार्गावरून आहे, हे खरं. जुनं दार बंद झालं आणि घोडागाड्यांच्या अंगणात पोहण्याचा तलाव आला. मधल्या काळात घोडागाड्या गेल्या, मोटारी आल्या. समोर भरावावर कमान आणि मोकळी जागा झाली, आणि शहरातली सगळी वर्दळ तिकडे वळली. दार वर्दळीच्या मागे गेलं. पहिल्यापासून चूक असती तर जमशेटजींनी ती उद्घाटनाआधीच दुरुस्त करून घेतली असती, कारण पैसा त्यांचा होता आणि इमारत अजून हातात होती. तसं काही झालं नाही. हॉटेल शहराकडच्या दारानेच सुरू झालं आणि पुढेही कित्येक वर्षं पाहुणे त्याच दारातून आत जात राहिले.